विमानवाहू जहाजावरून विमान समुद्रात पडतं, म्हणजे नेमकं काय होतं?

२८ एप्रिल २०२५ रोजी दिल्लीत भारत आणि फ्रान्स यांनी भारतीय नौदलासाठी २६ राफेल-एम विमानांच्या करारावर सह्या केल्या. रक्कम सुमारे ६३ हजार कोटी रुपये. नेमकं त्याच दिवशी तांबड्या समुद्रात अमेरिकेच्या 'हॅरी एस. ट्रुमन' या विमानवाहू जहाजावरून एक सुपर हॉर्नेट लढाऊ विमान घरंगळत समुद्रात गेलं. त्याला ओढणारा ट्रॅक्टरही त्याच्याबरोबर बुडाला. माणसं वेळेत बाजूला झाली, एकाला किरकोळ लागलं. विमानाची किंमत सहा कोटी डॉलरच्या वर होती.

बातमी वाचून बऱ्याच जणांना एकच प्रश्न पडला. हे विमान उडत नव्हतं, कोणी पाडलं नव्हतं, ते डेकवरसुद्धा नव्हतं. जहाजाच्या पोटातल्या हँगरमध्ये होतं. छपराखाली उभं असलेलं विमान समुद्रात पडेलच कसं?

असे अपघात पहिल्यापासून होत आले आहेत. त्यांची कारणं चाळली तर दिसतं, की नुसता समुद्र खवळला म्हणून विमान क्वचितच जातं. जातं ते बहुतेकदा विमान मोकळं असताना, किंवा जहाज दुसऱ्या कामात अडकलेलं असताना.

लाखभर टनांचं जहाज हलतंच कसं?

ट्रुमन ३३३ मीटर लांब आहे आणि त्याचं वजन लाखभर टन. एवढ्या धुडाला लाटा काय हलवणार, असं वाटतं. नेहमीच्या समुद्रात ते फारसं हलत नाहीही. पण मोठ्या वादळातल्या लाटा लांबीनेही मोठ्या असतात. जहाजाच्या लांबीशी जुळेल इतकी लांब लाट आली की जहाज तिच्यावर चढतं आणि उतरतं, मग ते कितीही जड असो.

ही हालचाल तीन प्रकारची असते. डावी-उजवीकडे कलणं, पुढचं-मागचं टोक खालीवर होणं आणि अख्खं जहाज एकदम वर उचललं जाऊन खाली बसणं. विमानाला सर्वात घातक पहिली. कारण डेकवरची विमानं असतात पाण्यापासून सुमारे १८-२० मीटर उंचीवर, आणि जहाज कलतं ते जवळपास पाण्याच्या पातळीभोवती. तळातल्या खलाशाला जो हेलकावा जेमतेम जाणवतो, तोच वरच्या डेकवर बराच मोठा होऊन पोचतो.

चौथा प्रकार जहाज स्वतःच ओढवून घेतं. घाटात वळणावर एसटी जोरात वळली की उभे प्रवासी बाहेरच्या बाजूला फेकले जातात आणि गाडीही तिकडेच झुकते. वेगात असलेलं जहाज एकदम वळवलं की तेच होतं. समुद्र काचेसारखा सपाट असला तरी डेक काही अंशांनी कलतो आणि बराच वेळ कललेला राहतो. एसटीतल्या प्रवाशाला निदान वरची दांडी असते.

उतार, वारा आणि हलकं झालेलं वजन

थोडा हिशेब करू. रिकाम्या सुपर हॉर्नेटचं वजन साडेचौदा टनांच्या आसपास असतं. सोयीसाठी १५ टन धरू. डेक ५ अंशांनी कलला की त्या विमानाला उताराकडे खेचणारं बल होतं सुमारे १.३ टन. १० अंशांना २.६ टन. चाकांना ब्रेक लागलेले असतील आणि डेक कोरडा असेल तर रबराची पकड एवढं सहज पेलते. म्हणून १० अंश कललं की विमान घसरलंच, असं नाही.

अडचण अशी की समुद्रावर या गोष्टी एकेकट्या येत नाहीत. जहाज लाटेवरून खाली बसतं तेव्हा डेक विमानाच्या पायाखालून निघून जात असतो. त्या दोन-चार सेकंदांत चाकांवरचा भार घटतो. भार घटला की पकड घटते. डेक त्याच वेळी कललेला असेल, त्यावर समुद्राचं पाणी आणि तेल असेल, तर कोरड्या डेकचं गणित मोडून पडतं. डेकवर खरखरीत लेप दिलेला असतो तो यासाठीच. पण चाकांखाली आणि इंजिनांच्या झोताखाली तो झिजतो, पुन्हा पुन्हा लावावा लागतो.

त्यात वारा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ताशी १०० किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला साधारण ४७ किलो एवढा रेटा देतो. विमानाची वाऱ्यासमोर येणारी बाजू २५ चौरस मीटर धरली तर झाले जवळजवळ १२०० किलो. वारा ताशी २०० ला पोचला की पावणेपाच टन. सुपर हॉर्नेटचे पंख जागा वाचवण्यासाठी वरच्या बाजूला दुमडतात, म्हणजे उभ्या विमानावर वाऱ्याला धरायला आणखी पत्रा मिळतो. जहाजाचा स्वतःचा वेगही यात मिसळतो. समोरून ताशी ६० चा वारा येत असेल आणि जहाज ताशी ५० ने जात असेल, तर डेकवर उभ्या माणसाला ११० चा वारा लागतो.

मग बांधून का ठेवत नाहीत?

ठेवतात. डेकवर आणि हँगरच्या जमिनीत जागोजागी खळगे असतात आणि त्यांत पोलादी आडव्या पट्ट्या. विमानाच्या पायांपासून त्या पट्ट्यांपर्यंत साखळ्या ताणून कसतात. थोड्या वेळासाठी उभं करायचं असलं तरी साधारण अर्धा डझन साखळ्या, मुक्काम लांबला की त्याच्या दुप्पट, आणि वादळ येणार असेल तर त्याहूनही जास्त. शिवाय चाकांच्या पुढेमागे ठोकळे. अमेरिकी जहाजांवर हे काम निळा सदरा घातलेली पोरं करतात. वय बहुतेक विशीच्या आतबाहेर. गळ्यात साखळ्या अडकवून ती दिवसभर डेकवर धावत असतात. कोट्यवधी डॉलरचं विमान अखेर त्यांनी कसलेल्या साखळीवर उभं असतं, आणि त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही.

पण विमानवाहू जहाज हे गोदाम नव्हे. विमान हँगरमधून लिफ्टवर, लिफ्टवरून डेकवर, डेकवरून उड्डाणाच्या जागी आणि परत, असं सतत हलवावं लागतं. हलवायचं म्हणजे साखळ्या काढायच्या. तेवढ्यापुरतं ते विमान ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या आणि कॉकपिटमध्ये फक्त ब्रेक दाबायला बसलेल्या माणसाच्या भरवशावर असतं.

१९४४ : साखळ्यांना न जुमानणारं वादळ

साखळ्या असूनही विमानं गेल्याचं सर्वात मोठं उदाहरण दुसऱ्या महायुद्धातलं. डिसेंबर १९४४ मध्ये अमेरिकेचं तिसरं आरमार फिलिपिन्सच्या पूर्वेला होतं. सेनापती ॲडमिरल विल्यम हॅल्सी. मिंडोरो बेटावर उतरलेल्या फौजेला हवाई आधार द्यायचा होता आणि त्याआधी विनाशिकांमध्ये (डिस्ट्रॉयर या लहान, वेगवान युद्धनौकांमध्ये) तेल भरायचं होतं. १७ डिसेंबरला तेल भरायला सुरुवात केली, पण समुद्र इतका चढला की नळ्या तुटू लागल्या आणि काम थांबवावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आरमार थेट चक्रीवादळात सापडलं.

हल, स्पेन्स आणि मोनाघन या तीन विनाशिका उलटून बुडाल्या. सुमारे ७९० माणसं गेली. १४६ विमानं मोडली, जळाली किंवा समुद्रात वाहून गेली.

सर्वाधिक हाल झाले हलक्या विमानवाहू जहाजांचे. ही जहाजं घाईघाईत क्रूझर या युद्धनौकेच्या सांगाड्यावर वर डेक चढवून बांधलेली होती. अरुंद, त्यामुळे डुलणारी. त्यातल्या 'मॉन्टेरी'च्या हँगरमध्ये एक विमान तुटून सुटलं. मग जहाजाच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर ते या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटू लागलं आणि वाटेतल्या विमानांनाही त्याने सोडवलं. टाक्यांमध्ये पेट्रोल होतं. ठिणगी पडली आणि हँगर पेटला. हवा खेळती ठेवणाऱ्या वाटांनी धूर खाली इंजिनांकडे गेला. वर वादळ, मध्ये आग, खाली धूर. तरीही खलाशांनी आग विझवली आणि जहाज वाचलं.

त्या सकाळी मॉन्टेरीवर एक ३१ वर्षांचा लेफ्टनंट डेकवरून घसरत थेट कडेपर्यंत गेला होता. कडेला जेमतेम दोन इंचांची पोलादी पट्टी होती, तिला पाय लागला म्हणून तो अडला आणि खालच्या गॅलरीत जाऊन पडला. त्याचं नाव जेराल्ड फोर्ड. तीस वर्षांनी तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

या नुकसानीची चौकशी झाली. हॅल्सीचा निर्णय चुकला, असं ती म्हणाली, पण त्याला पदावर ठेवलं. पुढच्या जूनमध्ये हाच हॅल्सी पुन्हा एका चक्रीवादळात शिरला. या वेळी 'हॉर्नेट' आणि 'बेनिंग्टन' या मोठ्या जहाजांच्या डेकचा पुढचा भाग लाटांनी खाली वाकवला. हॉर्नेटने मग उलट्या दिशेने चालत मागच्या टोकावरून विमानं उडवली! युद्धानंतर अशा जहाजांची पुढची बाजू पाण्यापासून डेकपर्यंत बंद करून घ्यायला सुरुवात झाली, जेणेकरून लाट डेकच्या खाली शिरून त्याला उचकटणार नाही. आजच्या मोठ्या जहाजांची पुढची बाजू बंद दिसते, त्यामागे हा धडा आहे.

साखळ्या काढलेल्या वेळी

आता जो प्रकार जास्त चकवतो त्याकडे येऊ. यात वादळ लागतंच असं नाही.

५ डिसेंबर १९६५. 'टिकॉन्डेरोगा' हे जहाज व्हिएतनामहून जपानच्या योकोसुका बंदराकडे निघालं होतं. एक स्कायहॉक विमान हँगरमधून कडेच्या लिफ्टवर ढकलत नेत होते. ते थांबलं नाही. लिफ्टच्या कडेवरून उलटून समुद्रात गेलं. आत पायलट होता आणि खाली लटकवलेला अणुबॉम्ब. तिथे समुद्र सुमारे ४,९०० मीटर खोल. पायलट, विमान, बॉम्ब, यातलं काहीच परत मिळालं नाही. अमेरिकेने १९८१ मध्ये या अपघाताची कबुली देताना जागा सांगितली, किनाऱ्यापासून ५०० मैलांवर. १९८९ मध्ये उघड झालं की जपानच्या बेटांपासून ते अंतर ८० मैलांच्या आसपास होतं. अणुबॉम्बचे घाव सोसलेल्या देशाला हे २४ वर्षांनी कळावं, यावर वेगळं काय लिहायचं?

१४ सप्टेंबर १९७६ ला स्कॉटलंडच्या उत्तरेला 'जॉन एफ. केनेडी' जहाजावर एक एफ-१४ टॉमकॅट उड्डाणाच्या जागेकडे जात असताना त्याचं इंजिन आवरेना आणि ते कडेवरून पडलं. दोघं वैमानिक आसनासकट बाहेर फेकले जाऊन वाचले.

आणि ट्रुमन. हँगरमधलं विमान बाहेर कसं पडलं, याचं उत्तर हँगरच्या रचनेत आहे. अमेरिकी जहाजांच्या लिफ्ट जहाजाच्या कडेला बाहेरून असतात. लिफ्टवर विमान नेण्यासाठी हँगरच्या भिंतीला विमान मावेल एवढं प्रचंड दार असतं. ते उघडं असलं की त्याच्यापलीकडे, मध्ये फार काही न येता, समुद्र. त्या दिवशी जहाजावर येमेनमधून हुथी बंडखोरांचा मारा होत होता. तो चुकवण्यासाठी जहाजाने जोरात वळण घेतलं आणि त्याच वेळी विमान साखळ्या काढून हलवलं जात होतं. चौकशीत तीन गोष्टी पुढे आल्या: हे वळण, विमानाच्या ब्रेकनी न धरणं, आणि जहाज हाकणारे व विमान हलवणारे यांच्यात नीट निरोपानिरोप नसणं. माझ्या मते यातली तिसरी सर्वात महत्त्वाची. वळण घेणं भाग होतं, ब्रेक कधीतरी दगा देणारच. पण 'आता वळतोय, थांबा' एवढा निरोप वेळेत पोचला असता तर बाकीच्या दोन्ही गोष्टी निभावल्या असत्या.

२०२२ : नुसत्या वाऱ्याने?

याच ट्रुमनवरून ८ जुलै २०२२ ला भूमध्य समुद्रात आणखी एक सुपर हॉर्नेट गेलं होतं. तेव्हा नौदलाने कारण दिलं, अनपेक्षित खराब हवामानात वाऱ्याने ते समुद्रात ढकललं. पण त्या निवेदनात आणखी एक तपशील होता, जो बातम्यांत मागे पडला. जहाज त्या वेळी दुसऱ्या जहाजाकडून माल घेत होतं.

ट्रुमन अणुऊर्जेवर चालतं, मग त्याला इंधन कशाला, असं कोणी विचारेल. जहाजाला नको, विमानांना हवं. शिवाय पाच हजार माणसांचं जेवण, सुटे भाग, दारूगोळा. यासाठी पुरवठा करणारं जहाज शेजारी, पन्नासेक मीटरांच्या अंतरावर, त्याच वेगाने आणि त्याच दिशेने चालतं. मध्ये दोर आणि नळ्या ताणलेल्या. एरवी वारा चढला तर जहाज तोंड फिरवून तो अंगावर कसा घ्यायचा हे ठरवू शकतं. या अवस्थेत दोर सोडवल्याशिवाय तसं करता येत नाही. दोन जहाजं एकमेकांवर आदळण्यापेक्षा दिशा धरून राहणं बरं. १९४४ मध्येही आरमार वादळाच्या तोंडाशी थांबलं होतं ते तेल भरायला.

कडेला कठडा का घालत नाहीत?

कारण त्या कडेवरून विमानांना जायचं-यायचं असतं. उभ्या विमानांच्या शेपट्या आणि पंख तर सर्रास कडेबाहेर लटकत असतात, तेवढी जागा वाचते म्हणून. १५ टनांचं घसरतं विमान अडवेल असा कठडा उतरणाऱ्या विमानाच्या मार्गात मृत्यूचा सापळा ठरेल. डेकच्या कडेने बाहेर जाळ्या लावलेल्या असतात, पण त्या माणसांसाठी.

सगळी विमानं आत का ठेवत नाहीत?

मावत नाहीत. अशा जहाजावर साठ-सत्तर विमानं-हेलिकॉप्टरं असतात आणि हँगरमध्ये त्यातली सगळी बसत नाहीत. बरीचशी कायम उघड्यावरच राहतात. आणि मॉन्टेरी पाहता 'आत' म्हणजे 'सुरक्षित' असंही नाही. एक सुटलं की बंद जागेत ते इतरांना घेऊन बसतं.

आता उपग्रह आहेत, मग वादळ चुकवता येत नाही?

मोठी चक्रीवादळं चुकवता येतात. १९४४ च्या दणक्यानंतरच अमेरिकी नौदलाने पॅसिफिकमध्ये हवामानाची जास्त ठाणी उभारली, आणि १९५९ पासून ग्वाम बेटावर चक्रीवादळांचे इशारे देणारं संयुक्त केंद्र सुरू झालं. विमानवाहू जहाज वेगात पळालं तर बहुतेक वादळांना मागे टाकू शकतं. चुकवता येत नाही तो अर्ध्या तासात उठून संपणारा स्थानिक वारा. आणि लढाईत असाल तर कुठे जायचं हे हवामान ठरवत नाही.

बुडालेलं विमान काढायचा खटाटोप कशाला?

पैशासाठी नाही. मीठपाण्यात भिजलेलं विमान पुन्हा उडत नाही. काढतात ते दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून. १९७६ चं टॉमकॅट ५५० मीटरहून खोल पडलं होतं आणि त्याच्यावर फिनिक्स हे तेव्हाचं सर्वात लांब पल्ल्याचं हवाई क्षेपणास्त्र होतं. ते सोव्हिएत पाणबुड्यांच्या आधी काढण्यासाठी अमेरिकेने एक छोटी अणुपाणबुडीसुद्धा कामाला लावली आणि दोन्ही वर आणलं. २०२२ चं सुपर हॉर्नेट भूमध्य समुद्रात सुमारे २,९०० मीटरवर होतं. दोरीच्या टोकाने चालवलेल्या यंत्रमानवाने त्याला दोर बांधले आणि ३ ऑगस्टला, म्हणजे महिन्याच्या आत, ते वर खेचलं गेलं. ब्रिटनचं एक एफ-३५ नोव्हेंबर २०२१ मध्ये 'क्वीन एलिझाबेथ'वरून उडतानाच समोर पाण्यात पडलं होतं, इंजिनात हवा जायच्या वाटेवरचं झाकण काढायचं राहिलं म्हणून. तेही पुढच्याच महिन्यात काढलं.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे सध्या दोन विमानवाहू जहाजं आहेत, विक्रमादित्य आणि नवी विक्रांत. मुंबईकरांनी जुनी विक्रांत संग्रहालय म्हणून २०१२ पर्यंत पाहिली आहे. नवी तिच्या दुपटीहून जड, २६२ मीटर लांब आणि सुमारे ४५ हजार टनांची, तरीही ट्रुमनच्या निम्म्याहून हलकी. विक्रमादित्यचं बंदर कारवार, म्हणजे गोव्याच्या खालीच. जून ते सप्टेंबर या पट्ट्यात समुद्र कसा असतो हे कोकणात सांगायला नको. जून-जुलैत तर मासेमारीच बंद असते. नौदल तेव्हाही समुद्रावर असतं.

ज्या करारापासून सुरुवात केली त्यातली २२ राफेल-एम एका आसनाची आहेत, जहाजावरून उडणारी. उरलेली ४ दोन आसनांची, ती प्रशिक्षणासाठी जमिनीवरच राहतील. आज जहाजांवर असलेल्या मिग-२९के विमानांचे पंख दुमडतात. राफेल-एमचे दुमडत नाहीत. त्यामुळे लिफ्टवर ते जेमतेम अंतर राखून बसवावं लागेल, हँगरमध्ये प्रत्येकाला जास्त जागा लागेल, आणि एक बाहेर काढायला शेजारची दोन हलवायची वेळ जास्त येईल. दर वेळी साखळ्या काढून.